दुबार प्रती काढून टाकल्या

३ फेब्रुवारी
संकल्प: कॉम्प्युटरला वळण लावायचं. लेकीने पाठवतानाच आत दोन एसएसडी ड्राइव्ह बसवून दिले. एक सॉफ्टवेअरसाठी, एक गेम्ससाठी. प्रत्यक्षात फोटोंचं सॉफ्टवेअर गेम्समध्ये आणि बुद्धिबळ सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेजचं अख्खं ग्रंथालय मी सांभाळलं. या दोन कपाटांची काय कथा!

४ फेब्रुवारी
सुरुवात झाली नाही. मशीन मोकळं नव्हतं. हे ट्रक चालवत होते.
अर्धांगाचा झटका आल्यापासून यांचा उजवा हात रुसला आहे. व्यायामवाली बाई रबरी चेंडू दाबायला सांगते. चेंडू कॉटखाली पडून असतो. पण लेकीने हा ट्रकचा गेम घालून दिला आणि बजावलं, बाबा, बटणं उजव्याच हाताने दाबायची. एवढ्यासाठी मात्र हे आपणहून अंथरुणातून उठतात. खोट्या रस्त्यावरून खोटे टोमॅटो पोचवतात. भाड्याच्या ट्रकने सुरुवात केली होती, आता म्हणे नऊ ट्रकांची कंपनी आहे. निवृत्त माणसाने आत्मचरित्र लिहावं. त्याचं सॉफ्टवेअर मी केव्हाच घालून ठेवलं आहे. यांनी उघडूनही पाहिलेलं नाही.

६ फेब्रुवारी, दुपार
हे झोपल्यावर गेम्सचा ड्राइव्ह उघडला. लाज वाटावी असा कारभार. प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये आवाज, चित्रं, नकाशे, सगळं एकत्र कोंबलेलं.
लेकीला फोन केला. म्हणाली, आई, हात लावू नकोस, आतलं काही हललं तर गेम उघडत नाहीत. मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी वर्गीकरण करते आहे. ती म्हणाली, तीच तर भीती आहे. होकार समजले.

७ फेब्रुवारी
विषयवार मांडणी. 'आवाज', 'चित्रे', 'नकाशे' असे फोल्डर केले. उरलेलं 'किरकोळ'मध्ये. आता घोडे, ट्रक आणि तोफा एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदत आहेत. मान आखडली. पण असं काम आजवर कोणी केलं नसेल.

८ फेब्रुवारी
मशीन सारखं विचारतं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? म्हणजे दुबार प्रती. फुकट जागा अडवणाऱ्या. 'सेव्ह' नावाच्याच किती! प्रत्येक गेममध्ये एक. सगळ्यांना एकदम 'हो' म्हटलं. ड्राइव्ह हलका झाला. मीही.

९ फेब्रुवारी
एकही गेम उघडत नाही. अपेक्षितच. मांडणी बदलली की वाचक चार दिवस कुरकुरतात.
हे बराच वेळ बंद ट्रकसमोर बसून होते. मी आत्मचरित्र उघडून दिलं. डाव्या हाताने टाइप केलं, 'मी जन्मलो.' आणि जाऊन आडवे झाले. सुरुवात चांगली आहे.

१२ फेब्रुवारी
हे उठत नाहीत. हवेचा परिणाम. व्यायामवालीने विचारलं, बोटं पुन्हा आखडली कशी? मी म्हटलं, हवा. ती म्हणाली, हवा काय एकाच हाताला लागते? फटकळ बाई आहे.

१३ फेब्रुवारी
लेकीला कळवलं. केवळ माहितीसाठी. तिने तिच्या घरी बसूनच इथलं मशीन उघडून पाहिलं.
मग म्हणाली, आई, ज्या फाइलमध्ये बाबांची कंपनी होती, तिच्यावर तू कुठल्याशा मांजराच्या गेमची फाइल ठेवलीस. गेम परत आणता येईल. कंपनी गेली. आणि हे बाबांना तू सांगायचंस, मी नाही.

१४ फेब्रुवारी
योग्य वेळ मिळाली नाही. माळा आवरायला काढला होता.

१५ फेब्रुवारी
सांगितलं. तांत्रिक बाजू आधी नीट समजावून दिली.
यांनी विचारलं, नऊच्या नऊ?
मी म्हटलं, हो.
म्हणाले, दिवा बंद कर.
दुपार होती. दिवा लागलेलाच नव्हता. तरी मी उठून बटण खालीवर केलं.

१७ फेब्रुवारी
लेकीने गेम परत बसवून दिला. हे ढुंकून बघेनात. उदाहरण घालून द्यावं म्हणून मीच बसले. भाड्याचा ट्रक. सगळे नियम पाळून चालवला. दुभाजकावर चढला. रस्त्याची आखणी सदोष आहे.

१८ फेब्रुवारी
आज माल काचेचा होता. हे कॉटवरून ओरडले, अगं ब्रेक! ब्रेक दाब! मी म्हटलं, दाबतेच आहे. हे म्हणाले, तो हॉर्न आहे! मग काठी टेकत आले, मला खुर्चीतून उठवलं आणि ट्रक नाल्यातून मागे घेतला. दोन्ही हातांनी. उजवा जरा मागेमागे राहत होता, पण आला. मी शिकवलेलं फुकट गेलं नाही.

२० फेब्रुवारी
यांची कंपनी पुन्हा सुरू. एक ट्रक, तोही भाड्याचा. ड्रायव्हर स्वतःच. मी सुचवलं, या वेळी फाइल कुठे ठेवायची ते मी बघते.
यांनी लेकीला फोन लावून मशीनला पासवर्ड कसा घालायचा ते विचारून घेतलं. मग मला म्हणाले, तिकडे तोंड कर.
भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे एकेक बटण दाबल्याचा आवाज. उजव्याच हाताचं एक बोट असणार, दोन बटणांमध्ये इतका वेळ जात होता. पाय दुखायला लागले. विचारलं, अहो, झालं का?
म्हणाले, झालं. तुझं सभासदत्व रद्द.