वाढत्या अंगाचा फ्रॉक

२ नोव्हेंबर
आले एकदाची. खोली छान आहे. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीखाली शिवणयंत्र आणि भिंतभर काचेची कपाटं. कपाटांत तीनशे अकरा बाहुल्या. मला वाटलं होतं गुबगुबीत गालांच्या असतील; या निघाल्या फॅशनवाल्या, सव्वा वीत उंचीच्या सडपातळ तरुणी, एकीपेक्षा एक ठसकेबाज. मूर्ती लहान पण नखरे महान! मालकीणबाई साठीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, वीस वर्षं मुलांचे कपडे शिवलेला हात इतक्या बारीक कामाला बसेल का. म्हटलं, बसवू. ताईला फोन करून सांगितलं, की तुझी बहीण शाळेच्या गणवेशांतून सुटली, आता राण्यांची शिंपीण झाली.

५ नोव्हेंबर
छाती सव्वापाच इंच, कंबर सव्वातीन. बाही उलटवायला चिमटा लागतो. बटणाच्या जागी मणी लावायचा, नाहीतर नाकापेक्षा मोती जड. मालकीणबाईंचा नियम एकच: शिलाईच्या आत माया सोडायची नाही. जास्तीचं सगळं कापड टाक्यालगत कापून टाकायचं. कारण मी विचारलं नाही. मला वाटलं, कंबर जाड दिसत असेल. पण मी जन्मभर उलटंच केलंय. पोरांचं शिवायचं ते वाढत्या अंगाचं. आत माया ठेवायची, वर्षाने उसवायची, की कपडा पुन्हा बसतो. हात सारखा तिकडेच जातो. जित्याची खोड, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
एवढ्या बायकांत एकच शाळकरी मुलगी आहे, जेमतेम वीतभर. तिला फ्रॉक हवाय. या मापात नवं कापड ताठ उभं राहतं, म्हणून वापरून मऊ झालेलं लागतं. आहे का तुमच्याकडे, असं मालकीणबाईंनी विचारलं.
होतं. पेटीच्या तळाशी बबडीचा निळ्या फुलांचा फ्रॉक होता. बबडी माझी मुलगी. नवव्या वर्षी चार दिवसांच्या तापात गेली. सहा वर्षं झाली. दहाव्या वर्षीही पुरावा म्हणून त्यात भरपूर माया ठेवली होती. ती उसवायची वेळच आली नाही. आज त्याला कात्री लावताना खूप रडले. शिवायला बसल्यावर मात्र बरं वाटलं.

१० नोव्हेंबर
फ्रॉक बाहुलीला छान बसला. घातल्यावर लक्षात आलं, की माया कापायची राहिली. सगळीकडे दोन-दोन सूत, म्हणजे पाव इंच आहे. मालकीणबाईंना बोलले नाही. एवढंसं कापड कुणाला दिसतंय?

१४ नोव्हेंबर
फ्रॉक घट्ट होतोय. कापड आटलं असेल म्हणून माप घेतलं, तर बाहुलीच अर्ध्या इंचाने वाढलेली. दुसरं काही चुकेल, टेप वाचायला मी चुकायची नाही. माया उसवली, फ्रॉक बसला. आत बघते तर दोन सूत माया पुन्हा तशीच.

२० नोव्हेंबर
रोज उसवते. रोज आत तेवढीच माया असते. बाहुली आता दोन फुटांची झालीय. फ्रॉकवरची फुलंही मोठी होतायत. गाल मऊ लागतो हाताला. खालचा ओठ दुमडून हसते, तसं फक्त बबडी हसायची. मी घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच भीती वाटली.
माझ्या चपला मोठ्या होतायत. सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान बोटातून गळून पडतं.

२५ नोव्हेंबर
मालकीणबाईंनी पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नियम होता तो याचसाठी, आधीच सांगायला हवं होतं मी. तुमच्या आधीच्या दोघींनीही माया ठेवली होती, त्याही आयाच होत्या. ती वाढतेय ती तुमच्यातून, ताई. अजून वेळ आहे. माया कापा, ती आहे तिथे थांबेल.
थांबेल म्हणे. एकदा थांबलीच होती की, नवव्या वर्षी.
कात्री घेऊन जवळ गेले. तिने दोन्ही हात वर केले. माप देताना बबडी करायची तसे. नाही जमलं मला.

२८ नोव्हेंबर
दोघी टेबलाएवढ्या. समोरासमोर उभ्या राहिलो. डोळे उघडे आहेत, पण ओळख नाही. तिचं पूर्ण माप आलं की ओळखेल, असं मन सांगतं. मला तिचं दहावं वर्ष बघायचंय. दुसरं काही नको.

१ डिसेंबर
खुर्चीवर चढता येईना. मालकीणबाईंनी उचलून टेबलावर ठेवलं. माझं माप घेतलं, छाती, कंबर — रडत होत्या. आधीच्या दोघी कुठे आहेत, ते त्यांनी सांगितलं नाही. कपाटाकडे बघणं मी टाळते —

३ डिसेंबर
कात्री उचलत नाही. टाके दाताने तोडले, एकेक — तोंडातून रक्त — सगळी माया सुटली. आत आता काही उरलं नाही. पण पुरलं. नवव्या वर्षाच्या मापाच्या पुढे दोन बोटं — दहावं लागलं माझ्या बबडीला.

४ डिसेंबर
पेन्सिलीचं तुटकं टोक दोन्ही हातांत धरून — ऊन आलंय. ती हलली. चालली. बोलली. आई म्हणाली. सहा वर्षांनी —
शोधतेय मला. दाराआड, पडद्यामागे — मान वर करून बघते, माझा चेहरा असायचा तिथे — हाका मारतेय, आवाज रडवेला झालाय — मी ओरडतेय, तिला ऐकू जात नाही — बबडे, अगं इकडे, टेबलावर, खाली बघ, खाली —