शेन, आणि बाकीचा चीन

पॅरिस, जून १९७४

प्रिय सोलांजताईस,

धाकट्या ओदिलचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर मुके. गुडघा कसा आहे? डॉक्टरांचं ऐकतेस का? (नसशीलच. डॉक्टरांना माझी सहानुभूती कळव.)

आमचे हे चीनहून सुखरूप परतले. चीनवर दोन जाडजूड पुस्तकं लिहून झाल्यावर ह्यांना चीन बघायचा योग आला, हे आमच्या घरच्या रीतीला धरूनच झालं. सोबत पॅरिसमधली विद्वान मंडळी, आणि त्यांचे पुढारी मोर्व्हान, जे चिनी शेतकऱ्यासारखा निळा बंद गळ्याचा कोट घालून उंची हॉटेलात शिंपले खातात. तुला आमचा शेन आठवतो ना? लढाईनंतर आमच्या वरच्या खोलीत राहून शिकलेला, आमच्या आन्येसला सायकल शिकवणारा? तो मायदेशी गेला, आणि तिथे सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तशी त्याची पत्रं बंद झाली. तर ह्यांनी काय करावं? कारखाना दाखवला की विचारायचं, आमचे मित्र शेन कुठे असतात? शाळा दाखवली, तोच प्रश्न. दुभाषी बाई दर वेळी म्हणे, "आणखी चहा घ्या ना." (तिला नावं ठेवू नकोस. शेवटच्या दिवशी प्रश्न ऐकून तिचे डोळे भरून आले होते म्हणे, पण ओतला चहाच.) मोर्व्हान वैतागले. "अहो, एवढा अवाढव्य देश बघायला आलोय आपण, आणि तुम्ही एकाच माणसाचं काय घेऊन बसलात?"

परतल्यावर मोठी सभा झाली. मोर्व्हान तासभर बोलले, की तिथे नवा माणूस जन्माला आलाय. मग आमचे जुने स्नेही लाकोस्त उठले. त्यांच्या मते अख्खा देश म्हणजे तुरुंग. (ते गेलेच नव्हते. पण न जाता लिहिण्याचा पहिला मान आमच्या घरचा, म्हणून मी गप्प बसले.) मग दोघांनीही मोठ्या आशेने ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले आणि म्हणाले, "मी भरपूर चहा प्यालो. माझा मित्र जिवंत आहे की नाही, ते मला कळलं नाही. माझ्या दोन्ही पुस्तकांत चीन आहे, शेन नाही. कृपा करून ती वाचू नका." आणि खाली बसले.

सभेने हुर्यो उडवली. टाळ्या वाजवणारी मी एकटी. ताई, इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाचा मला असा अभिमान कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोर्व्हान, मान खाली घालून. "शेनसाठी चिनी वकिलातीला अर्ज करू या. माझी सही चालेल का?" संध्याकाळी लाकोस्त, तेही हेच विचारायला. चीनवरून एकमेकांशी अबोला धरलेले हे दोघे आमच्या जेवणाच्या टेबलाशी एकाच कोऱ्या कागदावर वाकले, मजकुराच्या आधीच सह्या केल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडून घेतलं.

तुझी,
ओदिल

ता. क. मजकूर अजून ठरलेला नाही. मोर्व्हानना चीनच्या आधी 'महान' हवंय, लाकोस्तना 'तथाकथित', आणि हे तळटीपा घालतायत. टेबल अडल्यामुळे मी आठवडाभर उभ्याने जेवते आहे.

आणखी एक, आणि पत्र लिहायचं कारण हेच : तिघांना शनिवारच्या गाडीने तुझ्याकडे पाठवते आहे. बटाटे सोलायला बसव. चीनचं नाव काढू नकोस.

शेवटचं. सह्यांचा तो कागद आज सकाळी मीच वकिलातीत देऊन आले. सह्यांच्या वर लिहिलं, "आमचा मित्र शेन कुठे आहे?" बस, एवढंच. त्या तिघांना सांगू नकोस. तळटीपांत चांगले रमलेत.