आ कर, अम्मा

प्रिय अण्णा,

तुझी तब्येत उत्तम असणारच. नसती तर लोकांनी तुझी हिरवी पावडर घेतली असती का? मीही बरी आहे. दुकान चाललंय. लग्नसराई आहे, त्यामुळे चिकपेटच्या आपल्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही आणि दिवसभर साड्यांच्या फॉलचे गठ्ठे सोडून माझी बोटं दुखतात. अम्मा मात्र रविवारपासून काही खात नाही. चमचा ओठांशी नेला की दात आवळून घेते. डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन दिवस वाट बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. हे तुला फोनवरच सांगितलं असतं, पण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. म्हणून आपल्या दुकानातल्या शिवाप्पाला हातातलं काम बाजूला ठेवायला लावून हे पत्र तुझ्या होसकोटेच्या फार्मवर पाठवते आहे. तुझी पत्रं तुझी टीम उघडते, हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम मराठीत लिहितेय. शाळेत आपण कन्नड शिकलो. ही अक्षरं अम्मानं ताटात तांदूळ पसरून, बोट धरून शिकवली, तुझं बोट आधी आणि माझं मागून. तुझ्याकडे ती दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाहीत. एवढी तुझी अब्रू मी राखते आहे, त्याबद्दल आभार मानू नकोस.

परवा अंगणातली तुळस कुंडीतून हलवली तेव्हा नेल्लीच्या फांदीचा वाळका बुडखा मातीत सापडला. आता तू कॅमेऱ्यासमोर त्याला आवळा म्हणतोस, पण घरात आपण नेल्लीकाईच म्हणायचो. तुळशीच्या लग्नाला फळांसकट फांदी आणून तुळशीशेजारी रोवायची, तोच नवरदेव. तोवर घरात कुणी नेल्लीकाई तोंडात घालायची नाही. लग्न लागलं, की अम्मा पहिलं फळ मिठाला लावायची आणि म्हणायची, आ कर. तू आ करायचास. मी शेजारी तोंड उघडून उभीच असायचे, पण पहिलं फळ तुझं. दुसऱ्याची चव काही वेगळी नसते, हे मला मोठी झाल्यावर कळलं. तेव्हा मात्र रडू यायचं.

तुझं चॅनेल सुरू झालं तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! अँटीऑक्सिडंट हा शब्द तिनं पाठ केला. भाजीवाल्यापासून जिन्यातल्या शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगायची, माझ्या अभिराजनं पानांतून औषध शोधलंय, कुठला रोग जवळ येत नाही. मी भाजीपाल्याला दोष देत नाही, अण्णा. नुग्गेचा पाला, तुझ्या व्हिडिओतला तो शेवगा, आपण जन्मभर खाल्ला. सांबारात खाल्ला, भाकरीत थापून खाल्ला, आणि आपलं काही वाईट झालं नाही. पण आपण कुणी छातीत धातूची झडप घेऊन फिरत नव्हतो. ती घेऊन फिरत होती. डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, आणि हिरव्या पाल्यानं तिचा जोर कमी होतो. भाजी बंद नको, रोज जेवढी खातात तेवढीच खाऊ दे, एकदम वाढवू नका. तू तेव्हा मान हलवलीस. फोनमध्ये बघत होतास, पण मान हलवलीस.

मग नवरात्रात तुझं ते महिनाभराचं चॅलेंज आलं. 'माझी अम्मा, माझी हिरोईन.' रोज सकाळी मोठा पेलाभर हिरवा रस, नुग्गे, पालक, आणखी काय काय. मी तुला म्हटलं, डॉक्टरांना विचारू. तू म्हणालास, चंदना, हे नैसर्गिक आहे, नैसर्गिक गोष्टीला कोण विचारतं? रक्ततपासणीचा दिवस आला तेव्हा तुझं शूटिंग होतं, अम्मा म्हणाली पुढच्या आठवड्यात जाऊ. तू कॅमेऱ्यामागे होतास, ती तुला नको म्हणेल का? आणि शेवटच्या दिवशी तू तिच्या हातात रसाऐवजी नेल्लीकाई दिलीस. तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तू पुढे झालास, फळ तिच्या ओठांशी नेलंस आणि म्हणालास, आ कर, अम्मा. तिनं केला. जन्मभर पाळलेला नेम तिनं तुझ्या लाइटच्या उजेडात मोडला आणि वर हसली. लोकांनी तो व्हिडिओ डोक्यावर घेतला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी शिवाप्पानं मार्केटमधून फांदी आणली. ती नळाखाली धूत असताना अम्माच्या उजव्या हातातून निसटली. ती हसली. डाव्या हातानं उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. अँब्युलन्स गल्लीत शिरेना. शिवाप्पानं आणि मी तिला दुकानातल्या खुर्चीवर बसवून मेट्रो स्टेशनच्या रस्त्यापर्यंत नेलं. लोक बाजूला होत होते आणि ती तोंड वाकडं करून त्यांना काहीतरी सांगू बघत होती. हॉस्पिटलमध्ये तू आलास. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट वाचून विचारलं, अलीकडे पाला फार खाल्ला का? तू माझ्याकडे बघून म्हणालास, घरी स्वयंपाक हिच्याकडे असतो. ते वाक्य मी विसरणार नाही, अण्णा. मी मेल्यावरसुद्धा कुणीतरी ते लक्षात ठेवावं, अशी माझी इच्छा आहे.

नंतर तू दोनदा आलास. पहिल्यांदा फळं घेऊन, दुसऱ्यांदा वकिलाला विचारून आल्यासारखा. तिनं डाव्या हातानं तुझी बाही धरली, तर तू ती हळूच सोडवलीस आणि म्हणालास, स्वल्प काम आहे, येतो. ती अजून दाराकडे बघते. तिला धुते मी, कुशीवर वळवते मी, तिचे केस विंचरते मी, आणि ती बघते दाराकडे. खरं सांगू? कधीकधी मला तुझ्यापेक्षा तिचाच राग जास्त येतो. मग तिला जरा जोरात वळवते, आणि लगेच तिची उशी नीट करते.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तो नेल्लीकाईचा व्हिडिओ काढून टाक, म्हणून मी तुझ्यामागे किती लागले होते, आठवतं ना? तू काढला नाहीस. म्हणून एक दिवस तक्रार करायला मी तो तिच्या खाटेजवळ बसून उघडला. तू म्हणालास, आ कर, अम्मा. आणि शेजारी तिनं तोंड उघडलं. हॉस्पिटलातून आल्यापासून माझ्या हातून ती दोन चमचेसुद्धा धड घेत नव्हती. मी घाईनं रागीची गंजी, ती पातळ पेज, तोंडात घातली, तिनं गिळली. पुन्हा लावला, पुन्हा आ. तेव्हापासून प्रत्येक जेवणाला मी एका हातात चमचा आणि एका हातात तुझं ते उजळलेलं तोंड धरून बसले आहे. तुझ्या लाखभर व्ह्यूजमध्ये माझे किती आहेत, हे तुझ्या टीमला कळायचं नाही. रविवारी कुणीतरी व्हिडिओखाली विचारलं, अम्मा आता कशा आहेत? आणि तू व्हिडिओच काढून टाकलास. माझं ऐकून नाही, त्या अनोळखी माणसाला घाबरून. मी तो फोनमध्ये उतरवून ठेवला नव्हता. असली वस्तू घरात जपून ठेवावी, असं कधी वाटलंच नाही. तुझे बाकीचे व्हिडिओ लावून बघितले. ती बघते, हसते, तोंड उघडत नाही. मी तुझा आवाज काढून बघितला, तर तिनं मान फिरवली. तेव्हा तो परत टाक. कॉमेंट बंद कर, नाव बदल, माझ्यावर दुसरा काही आळ घ्यायचा असेल तर तोही घे, सरी, चालेल मला. नाहीतर शिवाप्पाच्या फोनवर पाठव, तो गेटपाशी थांबलाय. तू स्वतः मात्र येऊ नकोस. आलास तर ती पुन्हा बाही धरेल आणि तू पुन्हा सोडवशील. व्हिडिओतला अण्णा तिला भरवून होईपर्यंत उठत नाही. मला तोच हवा आहे.

तुझीच,
चंदना