हिंगोलीच्या घराचं कुलूप

हिंगोली,
दि. १ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
आकांक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून पुन्हा पत्र. नव्या घरात येऊन महिना होत आला, तरी अर्धं सामान पोत्यांतच आहे. माझी दवाखान्यात ड्युटी, प्रेमानंद शिकवतो त्या शाळेत संमेलनाची गडबड, तिथेच बालवाडीत दीक्षाच्या नाचाची तयारी. थंडीत कोणालाच उठवत नाही. तुमचे जावई तर पांघरुणातूनच चहा मागतात.

घर छान झालंय, बाबा. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. पण एक गोष्ट सलते. पुसेगावात शाळेतून आले की दार उघडं असायचं. आई शेतात गेली तरी नुसती कडी. इथे रोज संध्याकाळी मीच कुलूप काढते. दीक्षा विचारते, आत कोण आहे? कोणी नाही म्हणताना जीव कसनुसा होतो.

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला. आईचा फोटो मात्र अजून कपाटात आहे, तो तुमच्याच हातून लागावा. लवकर या. फक्त आधी कळवा, म्हणजे मी सुट्टी टाकते.

थंडीत कान बांधून फिरा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
आकांक्षा


पुसेगाव,
दि. ९ डिसेंबर

चि. आकांक्षास,
आशीर्वाद व जयभीम. चि. दीक्षास गोड पापा. वि. वि.

पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे. तूर काढायला आली, कापसाची शेवटची वेचणी चालू आहे आणि हरभऱ्यात हरणं शिरून राहिली. एवढं उरकलं की येतो. पांघरुणातून चहा मागायची सवय मलाही होती, ती तुझ्या आईनं मोडली. तशी तू प्रेमानंदरावांची मोड.

आधी कळवा म्हणतेस, याचं मात्र हसू आलं. लेकीच्या घरी काय कळवून यायचं असतं? मी काय साहेब आहे? निघालो की निघालो.

हे घर बघायला तुझी आई पाहिजे होती. तिला जाऊन हा दुसरा हिवाळा, तरी सांच्याला मी चहाचे दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो.

सगळ्यांनी जपून राहावं. आमची याद ठेवावी.

तुझा बाप,
जळबा


हिंगोली,
दि. २२ डिसेंबर

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम. वि. वि.

काल संध्याकाळी संमेलनाहून परतलो, तर फाटकाला हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी बांधलेली. प्रेमानंदला वाटलं, शेजारच्या जनकाबाईंनी ठेवली असेल. पण त्याही दीक्षाचा नाच बघायला आमच्याबरोबर आल्या होत्या. आणि पेंढीला आईच्या निळ्या लुगड्याची चिंधी होती. मी तशीच समोरच्या दुकानात विचारायला गेले.

दुकानदार म्हणाला, फेटा बांधलेले एक बाबा दुपारपासून पायरीवर बसले होते. त्याने दोनदा ओरडून विचारलं, फोन लावून देऊ का? तर तुम्ही म्हणालात, “लेकरं कामात असतील. काहून तकलीफ द्यायची?” आणि दिवे लागायच्या आत एसटीला निघून गेलात.

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे आणि माझ्यावर त्याहून जास्त. एवढ्या हौसेने घर बांधलं आणि माझा बाप पायरीवरूनच परत गेला. रात्री डहाळे सोलताना माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. दीक्षाने मात्र ते एकटीनेच संपवले.

प्रेमानंदने आज कुलपाची आणखी एक चावी करून आणली. ती आईच्या त्याच चिंधीला बांधून या पाकिटात पाठवतेय. आता कळवू नका. आम्ही असू, नसू, तुम्ही सरळ आत या.

वाट पाहतेय. आणखी काय लिहू?

तुमची,
आकांक्षा


पुसेगाव,
दि. २९ डिसेंबर

चि. आकांक्षास,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

चावी पोचली. चिंधी हातात घेऊन लई वेळ बसलो.

तू रडू नको. पायरीवर ऊन चांगलं होतं. बसल्या बसल्या घर बाहेरून बघून घेतलं. भिंती बराबर आहेत, पायरी तेवढी उंच झाली. मग वाटलं, लेकरं एवढी कामात, आपण म्हाताऱ्यानं मध्ये येऊन काय करायचं? म्हणून उठलो. त्या घरात माझं काय काम आहे, ते चावी आल्यावर कळलं.

तूर घरात आली. हरभरा भाऊकी बघून घेईल. सात तारखेला, मंगळवारी निघतो. कळवू नका म्हणालीस, पण एवढ्या एका वेळेला कळवतो. इथल्या घराला कडी लावीन, कुलूप नाही.

तुझ्या आईचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावू. तिला येणारं-जाणारं दिसलं पाहिजे.

बाकी बोलणं भेटल्यावर. दीक्षाला सांग, आजा डहाळे घेऊन येऊन राहिला.

तुझा बाप,
जळबा

ता. क. – सांच्याला ड्युटीवरून आलीस की हाक मारू नको, कडीही वाजवू नको. मला ऐकू यायचं नाही. म्हणून दार उघडंच ठेवतो.