अडसर

ता. ४

चि. ठोंब्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. परवा तुमच्या पोलिसांनी शेजारच्या शिलाईवालीचं दार फोडलं. चिलखती गाडी, तोंडावर मुखवटे, लष्करातल्यासारख्या बंदुका. घर चुकलं होतं म्हणे. ती बिचारी मशीनवर बसते, पण हात चालत नाही. पूर्वीचा पायी फिरणारा हवालदार आगाऊ होता, पण निदान त्याचं तोंड तरी दिसायचं.

बाबांनी सुतारकी पुन्हा काढली आहे. सहा घरांच्या दारांना आतून लोखंडी अडसर बसवले, पहिला आपल्या. तेही फुकट, वर चहा स्वतःचाच. तू पोलिसांच्या त्या पथकात गेलास तेव्हा गल्लीभर मिरवत होते. आता तुझा विषय निघाला की रंधा मारायला घेतात.

आळस सोडून दोन ओळी खरडाव्यात, हे मागणे.

तुझी ताई

ता. ९

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. अडसर ताबडतोब काढा, सगळ्यांचे. दार असं दणकट केलेलं घर आमच्याकडे संशयित धरतात. आपली गल्ली मी यादीत पाहिली आहे. याहून जास्त लिहिता येत नाही. एवढंही नोकरीवर बेतेल. बाबांना म्हणावं, ठोंब्या जन्माचा भित्रा, पण एकदा त्याचं ऐका.

पत्र जाळून टाक. माया असू दे.

ठोंब्या

ता. १५

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

बाबा जिवंत आहेत, हे आधी लिहिते.

तुझं पत्र काल सकाळी आलं. बाबांनी लगेच आपला अडसर उपटला आणि तो हातात घेऊन शेजारी निघाले, तेवढ्यात दार आत कोसळलं. पाच मुखवटे, पाच बंदुका त्यांच्यावर. हातातलं टाका म्हणून ओरडत होते, पण भीतीने बाबांची मूठ अशी आवळली की सुटेना. मग एकाने बंदूक खाली केली, मला बाजूला सारलं आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. बाबा त्याला साहेब, साहेब म्हणत हात जोडत होते. माझा मुलगाही पोलिसात आहे, असं त्यालाच सांगत होते.

त्यांनी ओळखलं नाही. त्या साहेबांचं भलं होवो, म्हणतात.

मी तुला उंबऱ्यातच चालीवरून ओळखलं होतं. तूच आहेस हे कळल्यावर धीर यायला हवा होता रे. पण मी धावत जाऊन बाबांच्या पुढे उभी राहिले.

माया आहेच. थोडे दिवस घरी येऊ नकोस.

तुझी ताई