चिठ्ठीवरचं माप

सोमवार, ३ एप्रिल

आली चिठ्ठी! शाळेला सुट्टी लागायला अजून बारा दिवस, तोवरच. ठेकेदारीण दुकानात आली — पोरींची सुंता ठरवून देते म्हणून गल्ली तिला मागून हेच म्हणते, तोंडावर ‘ताई’ — आणि मशीनवर चिठ्ठी आपटली. छाती चोवीस, खांदा दहा, लांबी अठ्ठावीस. नाव नाही.

“तांबडाच हवा. समोरून उघडा. बटणं लाव, नाडी नको.”

मला शिकवते! वीस वर्षं शिवतेय मी हे फ्रॉक. डाग दिसू नये म्हणून तांबडा, जखमेला लागू नये म्हणून सैल. पोरीला दुकानात आणत नाहीत, कुणाची ते सांगत नाहीत. शिवणारीने विचारायचं नाही. मीही कधी विचारलं नाही.

मंगळवार, ४ एप्रिल

शाळेतल्या बाईंना सांगून आले. भाजीची पिशवी घेऊन गेले, कुणी हटकलं तर दाखवायला बरी. चोरून जिना चढायचा — या वयात हे धंदे!

गेल्या सुट्टीपासून सांगायला लागले. बाई आणि दवाखान्यातली नर्स आईबापांना गाठतात, समजावतात. पोरीला जादा तासांच्या निमित्ताने सुट्टीभर वसतिगृहात ठेवून घेतात. दोघी सुटल्या. त्यातली एक यंदा वर्गात पहिली आहे! नर्सच्या दाराला मात्र कुणीतरी डांबर फासलं. माझं नाव अजून कुणाला ठाऊक नाही. कळलं तर दुकान राहायचं नाही, आणि मीही.

बाई म्हणाल्या, “आजी, नाव नाही तर पोर शोधायची कशी?”

म्हटलं, “माप आहे की! टेप घेऊन येते.”

गुरुवार, ६ एप्रिल

छाती चोवीस म्हणजे पोर सात-आठ वर्षांची; खेळाचे कपडे शिवायचेत असं सांगून दुसरी-तिसरीच्या पोरींची मापं घेतली. एकवीस जणी. टेप लागला की खिदळायच्या. एक म्हणते, “आजी, पोट नका मोजू, आत्ताच डबा खाल्लाय!” मी हसले, आकडा लिहून घेतला. यातली कुठली?

एकीचंही जुळेना. छाती जुळली तर खांदा अर्धा इंच जास्त.

माझी नात तिसरीतच. लेकीने ताप म्हणून घरी ठेवलीय. बाईंनी हळूच विचारलं, “तिचं माप आहे का तुमच्याकडे?”

मी उखडलेच! “माझ्या घरचं मला सांगू नका.”

टेप गुंडाळून निघून आले.

शुक्रवार, ७ एप्रिल

उगाच ओरडले त्यांच्यावर.

लेक सात वर्षांची होती तेव्हा मीच नेली होती तिला, हाताला धरून. नवे बूट घ्यायला जाऊ म्हटलं होतं. पायही मीच दाबून धरले. आईने हेच करायचं असतं असं वाटायचं, दुसरं कुणी सांगितलंच नव्हतं. ती कधी बोलली नाही त्यावर. बूट मात्र पायात घातले नाहीत, तसेच लहान झाले. पुढे बाळंतपणात तिचे जे हाल झाले — डॉक्टरीण तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

एवढं सोसून ती आपल्या पोरीला नेईल? छट्!

पुरे. लिहून काय होणार.

रविवार, ९ एप्रिल

ठेकेदारीण दोनदा डोकावली. “शनिवारी लागणार हं!” सहा दिवस. पोर सापडलेली नाही.

सोमवार, १० एप्रिल

आज ती स्टूल ओढून बसलीच.

“शाळेत मापं घेत होतीस म्हणे?”

“खेळाचे कपडे आहेत.”

“असतील, असतील.” हसली. “या फ्रॉकच्या आईचा हट्ट होता, तुझ्याच हातचा हवा. कौतुक आहे बाई तुझं!”

काजं राहिलीत म्हणून टोलवलं. ती गेल्यावर केलेली काजं उसवली. उद्या पुन्हा घालीन. वेळ काढायला दुसरं काही सुचत नाही.

मंगळवार, ११ एप्रिल

बाई पहिलीच्या वर्गातही बघून आल्या. नाही.

बुधवार, १२ एप्रिल

लेक नातीला माझ्यापाशी सोडून बाजारात गेली. ताप-बीप काही नव्हता पोरीला! खुंटीवरचा फ्रॉक बघून नाचायलाच लागली. “माझा ना गं आजी? आई म्हणाली, आजी शिवतेय, पण विचारायचं नाही. आणि शनिवारी आम्ही नवे बूट घ्यायला जाणार!”

टेप लावायची गरजच पडली नाही.

मागच्या दाराने तिला बाईंकडे पोचवून आले. फ्रॉक कात्रीने उभा फाडला. शटर अर्धं ओढून बसलेय. बाहेर लेकीच्या चपला वाजल्या. “आई, पोर कुठाय?” म्हणतेय.

उठते. सात वर्षांची होती तेव्हा मीच नेली होती तिला. आधी ते बोलायचं.