भाऊजींना शिक्षा

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३
आज ठरलं. कायदा बदलायचा.
माझ्या लेकीचे, मीनलचे, अपेंडिक्सचे टाके काल निघाले. दुखणं उठलं त्या दिवशी मी वर्ध्याला बहिणीकडे होते. दीपमालाने तिला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. काउंटरवरची म्हणाली, सही रक्ताच्या नातेवाइकाची लागते. सहा वर्षं दोघी एकत्र संसार करतात, त्यातली दोन माझ्याच घरी, वरच्या मजल्यावर. पण कागदावर दीपमाला कोणीच नाही.
मग शरच्चंद्र भाऊजींना फोन. ह्यांचे सख्खे धाकटे भाऊ. सदर बाजारातून यायला तीन तास लावले. जेवून आले. सही केली आणि सगळ्यांसमोर दीपमालाला म्हणाले, "तू बाहर बैठ, ये घर का मामला है."
तीन तास माझी पोट्टी पोट धरून पडली होती. आणि भाऊजी वरण-भात खात होते.
सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की दोन बायकांच्या लग्नाला मान्यता देणं हे काम कायदे करणाऱ्यांचं. तर त्यांनाच लिहिते. आमच्या राज्यातले विधानसभेचे नव्वद, लोकसभेचे अकरा. एकशे एक पत्रं. शुभ आकडा.
हे सूडासाठी नाही. तत्त्वासाठी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कायदा झाल्यावर काय करायचं ते ठरवलं. पेढे पहिले भाऊजींकडे. गॅझेटची लॅमिनेट केलेली प्रत त्यांच्या टीव्हीच्या वर. लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून त्यांचंच नाव, न विचारता.
पत्र एकही झालं नाही. पण दिशा स्पष्ट झाली.

१६ नोव्हेंबर, रविवार
पत्र हिंदीत लिहावं लागणार, इथलं राज्य हिंदीचं. हे रेल्वेत होते, हिंदी पक्की. घरातले सगळे अर्ज हेच लिहायचे, मी नुसती सही करायची. मी जे शिकले ते वाचनालयातल्या मराठी कपाटासमोर उभं राहून.
मीनल म्हणाली, "आई, एक बार दिखा तो दे." नाही दाखवलं. शुद्ध हिंदी म्हणजे शेवटी संस्कृत शब्द, आणि ते मराठीत आहेतच.
आजचं सर्वांत चांगलं वाक्य: "जो लोग ऐसी जोड़ियों की चेष्टा करते हैं, उन्हें कड़ी से कड़ी शिक्षा दी जाए।" लिहिताना भाऊजींचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला होता. म्हणून इतकं जमलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सात पत्रं झाली. अंगठा सुजला. बाकीची झेरॉक्स करू म्हणून गोल बाजारात गेले. दुकानदाराने वाचलं आणि म्हणाला, "सही लिखा है माताजी, आजकल के बच्चों को समझाना ही पड़ेगा." कमी शिकलेला दिसतो. त्याच्याकडून काही केलं नाही. सातच पोस्टात टाकली. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा.

४ डिसेंबर, गुरुवार
उत्तर नाही. अधिवेशन असेल.
संध्याकाळी पुन्हा दोन कप चहा टाकला. हे जाऊन दोन वर्षं झाली, हात ऐकत नाही. दुसरा कपही मीच प्यायले.

१८ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ११
उत्तर आलं! एका आमदारांच्या कार्यालयातून, शिक्क्यासकट. "अनुचित जोड़ियों की चेष्टा करने वाले युवाओं को शिक्षा देने का आपका सुझाव अनुकरणीय है।" रविवारी त्यांचा माणूस शाल आणि श्रीफळ घेऊन घरी येणार.
"अनुचित" ही टायपिंगची चूक असावी.
भाऊजींना स्वतः फोन केला. म्हटलं, रविवारी याच. बसायला पुढची खुर्ची ठेवते.

२० डिसेंबर, शनिवार
मीनलने उत्तर वाचलं. मग माझ्या पत्राची प्रत मागून घेतली. हसून हसून जिन्यात बसली. मग हसणं थांबलं. म्हणाली, "आई, हिंदी में चेष्टा मतलब कोशिश. शिक्षा मतलब पढ़ाई. तूने लिखा है कि हमारे जैसी जोड़ी बनाने की जो कोशिश करे, उसको कड़क क्लास में बिठाओ."
शिक्षा म्हणजे शिक्षण हे मले काय माहीत नाही? चाळीस वर्षं इथे राहून राहिले. पण राग आला की माझा पेन मराठीतच चालतो.
दीपमाला म्हणाली, "हव आंटी, हो जाता है." हसली नाही. गुणाची आहे.
उलट बरंच झालं. उद्या भाऊजींच्या तोंडावर, साक्षीदारासमोर, मी तोंडानेच सांगणार. वाक्य तयार आहे: "दीपमाला मेरी मीनल की जीवनसाथी है." आरशासमोर नऊ वेळा म्हटलं. जीवनसाथी हिंदीतही जीवनसाथीच ना, हे मीनलला विचारून घेतलं. तिने मान हलवली. म्हणाली, "पक्का बोलेगी?" म्हटलं, बघच तू.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६
भाऊजी अर्धा तास आधीच आले. इस्त्रीचा कुर्ता. त्यांना पत्राची बातमी कुठून तरी आधीच कळली होती. म्हणाले, "वहिनी, दादा गेल्यापासून पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलात."
कार्यालयाचा माणूस आला. शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. फोटोत भाऊजी माझ्या खांद्याशी. मी वाक्याची वेळ पाहत होते. फोटोच्या आधी बोलणं बरं दिसलं नसतं. फोटोनंतर त्याने पाणी मागितलं.
दीपमाला पाणी घेऊन आली. त्याने विचारलं, "ये आपकी बहू हैं?"
वाक्याची गरजच नव्हती. नुसतं "हव" पुरलं असतं.
भाऊजी माझ्याकडे पाहत होते. मीनल दाराशी उभी होती.
मी म्हणाले, "किरायेदार है."
दीपमालाने ग्लास ठेवला. त्याला विचारलं, चाय में शक्कर कितनी. चहा करून आणला. मग वर गेली.
सगळे गेल्यावर मीनल खाली आली. माझ्याशी मराठीत बोलली. ती सहसा बोलत नाही. म्हणाली, "आई, पुढच्या वेळी दवाखान्यात तूच ये. किरायेदाराची सही चालत नाही."
येईन म्हटलं.
ठरवलं: आजपासून मोबाइल कायम चार्ज ठेवायचा.